पाहुण्यांची दातखीळ

मुंगी सव्वा वाजता झोपली. तिच्या पाठीखालचा माझा हात मी बोट-बोट करत काढून घेतला, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि दाराशी येऊन एकदा मागे वळून पाहिलं. मुठी उघड्या, तोंडही उघडं. म्हणजे पक्की झोप. आठ महिन्यांच्या माणसाची पक्की झोप म्हणजे एक तास, नशीब जोरावर असलं तर सव्वा. दिसेल त्या फटीकडे सरपटत जाते म्हणून तिला मुंगी म्हणतो, पण झोपेच्या बाबतीत मुंगीचीच लेक. जरा धक्का लागला की चालू पडते.

या तासात मला जेवायचं होतं, केस धुवायचे होते. बाहेरच्या खोलीत आले तर बाबा लॅपटॉपसमोर हात मांडीवर ठेवून बसलेले आणि आई त्यांच्या मागे कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"पाहुण्यांची दातखीळ बसलीये," आई कुजबुजल्या.

पाहुणे म्हणजे बाबांचा, माझ्या सासऱ्यांचा आवाज. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा स्वतःचा गेला. तेव्हापासून लहानसहान गोष्टी ते खुणांनी आणि खिशातल्या वहीवर भागवतात, आणि गेल्या काही महिन्यांपासून जे लांबलचक बोलायचं ते लॅपटॉपवर टाइप करतात. कळ दाबली की एक अनोळखी, जरा नाकात बोलणारा माणूस ते वाचून दाखवतो. पहिल्या दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने "चहा झाला का" असं विचारलं, तेव्हा आई दचकून म्हणाल्या होत्या, "अगं बाई, कोण पाहुणे?" तेव्हापासून नाव पडलं. "चाळीस वर्षं बोला बोला म्हटलं तर हुं हुं करायचे," त्या आल्यागेल्याला सांगतात, "आता परका माणूस आणून बडबडतात."

लॅपटॉप माझ्या दिराने टाकून दिलेला. नव्या सिस्टीमचं ओझं त्याला पेलेना, म्हणून मी त्यावर लिनक्स चढवलं आणि बोलायचा प्रोग्राम बसवला. लग्नाआधी आणि नंतरही, मुंगी होईपर्यंत, मी एका कारखान्याच्या ऑफिसात संगणकांची देखभाल करायचे. त्यामुळे घरात कशाचीही दातखीळ बसली, मिक्सरची का होईना, की सगळे माझ्याकडे बघतात.

पण आज बघण्याची तऱ्हा वेगळी होती. आज चार वाजता बाबांचं व्याख्यान होतं.

बाबा फिटर. यंत्राचा लोखंडी पाट हाताने खरवडून इतका सपाट करायचा की त्यावर दुसरा पाट ठेवला तर मध्ये केस जाऊ नये, हे त्यांचं काम. आता ते करणारे फारसे उरले नाहीत. जुन्या वर्कशॉपने नव्या भरतीच्या मुलामुलींसाठी त्यांना बोलावलं होतं. गाडी तीनला येणार होती. गेल्या वर्षीही बोलावलं होतं, तेव्हा हा लॅपटॉप नव्हता. बाबांनी कागदावर लिहून नेलं, कुणा साहेबाने ते वाचलं, आणि पोरांनी प्रश्न विचारले तेव्हा उत्तरंही त्या साहेबानेच दिली. तीन चुकीची. घरी आल्यावर बाबांनी वहीत लिहिलं होतं, 'मी तिथं फोटोसारखा होतो.' पुढे दोन दिवस वही उघडलीच नाही.

"तू वाच ना," आई मला म्हणाल्या. "तुझा आवाज छान आहे."

बाबांनी मान हलवली. एकदाच, पण अशी की पुढे कुणी बोलू नये.

"फोनवर नाही का हो जमत?"

"फोनमधल्या बाईला नेट लागतं, आई. त्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नाही." आणि फोनवर बाबांची बोटं चालतही नाहीत. लॅपटॉपवर त्यांनी स्वतःच्या खुणांची फौज उभी केलीये. दोन अक्षरं मारली की अख्खं वाक्य तयार. त्याशिवाय प्रश्नांना उत्तरं द्यायला संध्याकाळ होईल.

मी खुर्ची ओढली. स्पीकरची वायर काढून हेडफोन लावला, कारण आत मुंगी. बाबांनी कळ दाबली. पडद्यावरचा शब्द निळा झाला, पुढचा निळा झाला, म्हणजे प्रोग्राम वाचत होता. कानात मात्र शांतता.

"शेवटचं कधी बोललं होतं?"

बाबांनी वहीत लिहिलं, 'काल सकाळी. मग लिहितच होतो.'

मी एक गाणं लावून पाहिलं. लख्ख वाजलं. आवाजाची मोठी पट्टी वर होती, कुठेही बंदची खूण नाही. गाणी बोलतायत, मशीनची घंटी बोलतेय, फक्त पाहुणे गप्प.

मी दिराला फोन लावला. तो मोठ्या कंपनीत हेच करतो.

"वहिनी, अपडेट झालं असणार काहीतरी. त्याच्या नादी लागू नका. सगळं पुसून नवं टाका, तासाभरात मोकळ्या."

"तासभर माझ्याकडे नाहीये. आणि बाबांच्या खुणा?"

"त्या कॉपी करून ठेवा."

"आणि नव्यावरही बोललं नाही तर?"

"मग तुमचं लिनक्स!" तो हसला. "मी तेव्हाच म्हटलेलं, फुकटचं ते शेवटी रडवतं."

"लॅपटॉपही फुकटचाच आहे, भावजी. कुणाचा ते आठवतंय ना?"

फोन ठेवला. पण 'तासाभरात मोकळ्या' हे शब्द डोक्यात फिरत राहिले. घाबरलेल्या माणसाला पुसून टाकणं फार सोपं वाटतं.

मी पुसलं नाही, पण जे केलं तेही शहाणपणाचं नव्हतं. बोलायच्या प्रोग्रामची सेटिंगची फाइल उघडली आणि त्यात आवाजाची वाट बदलली. लगेच वाचणाऱ्याचा आवाजही बदलून दुसरा लावला. मग आवाजाची सगळी यंत्रणा बंद करून परत सुरू केली. काही नाही. आणखी दोन ओळी बदलल्या. आता तर शब्द निळे व्हायचेही थांबले. घड्याळात पावणेदोन. पोटात काही नव्हतं.

टेबलावर टकटक झाली. बाबांनी वही माझ्यापुढे सरकवली.

'चार ठिकाणी खरवडलंस. आता उंच कुठं आहे ते कळेल का?'

मी त्यांच्याकडे बघितलं. रागावले नव्हते. शिकाऊ उमेदवाराकडे बघावं तसं बघत होते, आणि मला आत्ता तेच सहन होईना.

"बाबा, वेळ नाहीये हो."

त्यांनी पेन घेतलं. सावकाश लिहिलं. त्यांचं सावकाश म्हणजे कुणी मुद्दाम करतंय असं वाटावं इतकं सावकाश.

'आधी रंग लाव. मग पात्याला हात.'

हे काय ते मला माहीत होतं, कारण त्यांचं व्याख्यान मीच तपासलं होतं. ज्या पाटाची सपाटी पक्की आहे त्याला पातळ निळा रंग लावायचा, त्यावर आपला पाट टेकवायचा, उचलायचा. जिथे उंच असेल तिथेच निळे ठिपके उमटतात. तेवढेच खरवडायचे. परत रंग. डोळ्याला उंच वाटतंय म्हणून खरवडायचं पातं चालवलं तर चांगला भागही खड्ड्यात जातो, आणि मग आठवडा जातो.

मी चारही बदल एकेक करून मागे घेतले. प्रत्येक बदलानंतर कळ दाबून पाहिली. शब्द परत निळे व्हायला लागले. जिथून निघालो तिथे येऊन पोचलो, पण या वेळी कुठे उभे आहोत ते माहीत होतं.

आता रंग. पाहुणे बोलतच नाहीयेत, की बोलतायत आणि वाटेत हरवतायत? प्रोग्रामला म्हटलं, कानात सांगू नकोस, फाइलमध्ये लिहून दे. हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली. फाइल तयार झाली. गाणी वाजवायच्या प्रोग्रामने ती उघडली आणि हेडफोनमध्ये तो नाकातला आवाज स्वच्छ म्हणाला, "नमस्कार, मी फिटर."

"अहो आई! पाहुणे आहेत!"

"हळू!" आईंनी दाराकडे हात केला. आत मुंगीने 'ऊं' केलं. आम्ही तिघंही पुतळे. आईंचा हात हवेतच. मग आतून परत सुस्कारा आला.

म्हणजे पाहुणे ठणठणीत. कानापर्यंतचा रस्ताही ठणठणीत, गाण्याला चालतो तर. तोच आवाज गाण्याच्या गाडीतून येतो आणि स्वतःच्या गाडीतून येत नाही. ठिपका उमटला होता. आता तेवढ्याच जागेवर बघायचं.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामला आवाजाची स्वतःची छोटी पट्टी असते. मोठी पट्टी घराची, लहान पट्ट्या खोल्यांच्या. त्या सगळ्या एका यादीत दिसतात. मी यादी उघडली. गाण्याची पट्टी होती. पाहुण्यांची नव्हतीच.

"बाबा, काहीतरी बोला."

त्यांनी टाइप केलं, 'हो', आणि कळ दाबली. यादीत क्षणभर काहीतरी लवलं आणि गेलं. मी नीट बघेपर्यंत रिकामं.

"परत."

'हो.' लवलं, गेलं.

तेव्हा लक्षात आलं. यादीत तोच दिसतो जो त्या क्षणी बोलत असतो. गप्प बसलेल्याचं नावच नाही. आणि बाबा तर आयुष्यभर एका शब्दावर भागवणारे.

"बाबा, लांब बोला. थांबू नका. अख्खं व्याख्यान लावा."

आईंनी पदर तोंडाला लावला. "चाळीस वर्षं हेच सांगत होते मी," त्या म्हणाल्या.

बाबांच्या मिश्या हलल्या. हेडफोन मी त्यांच्या कानांवर चढवला, कारण मला डोळे यादीवर हवे होते. कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि ऐकायचा पहिला हक्क त्यांचाच. त्यांनी व्याख्यान उघडलं आणि कळ दाबली.

यादीत एक ओळ आली आणि थांबली. 'वाचक' असं नाव. शेजारी पट्टी. पट्टीचा मणी अगदी डाव्या टोकाला, शून्यावर.

मी मणी उजवीकडे ओढला. हळूच, त्यांच्या कानात एकदम दणका बसू नये म्हणून. बाबा खिडकीकडे बघत होते. मणी तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि त्यांची तर्जनी मांडीवरून वर उचलली गेली, तशीच राहिली. मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांचं बोट बघत होते. मणी आणखी सरकवला. बोट डोललं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ऐकत बसले, आणि त्यांच्या ओठांची त्या शब्दांबरोबर हालचाल व्हायला लागली. आवाज नसलेली, पण बरोब्बर जुळलेली.

आई स्वयंपाकघरात गेल्या. माझं ताट घेऊन आल्या आणि पुढ्यात ठेवलं. "जेव आता. त्यांचं अकरा मिनिटांचं आहे, मी मोजलंय."

मी घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. कारण पट्टी शून्यावर आपोआप जात नाही. कुणीतरी नेलेली असते. ते कोण, हे मणी दिसला त्याच क्षणी मला कळलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी पाहुण्यांच्या आवाजाने मुंगी उठली होती. बाबांचा दोष नव्हता, त्यांनी जेमतेम एक वाक्य लावलं होतं. पण ती आधीच्या रात्री झोपली नव्हती, मीही नाही. ती उठली आणि मी मोरीत जाऊन रडले. संध्याकाळी मी दहा ओळींची एक युक्ती लिहिली. एक कळ दाबली की पाहुण्यांची पट्टी शून्यावर, दीड तासाने आपोआप पूर्ववत. मुंगी झोपली की जाताजाता ती कळ दाबायची. बाबा त्या दिवसापासून दुपारचं मशीन बोलवतच नव्हते, त्यामुळे त्यांना कधी कळलंच नाही. आणि मी सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असं मी स्वतःला म्हटलं होतं.

काल मुंगी झोपल्यावर मी कळ दाबली. नोंदी उघडून बघितल्या तर तिथे होतंच. एक वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी अपडेट पुरं झालं आणि मशीनने विचारलं, परत सुरू करू? बाबांनी हो म्हटलं असणार. मशीनने काही विचारलं की ते नेहमी हो म्हणतात. माझी दीड तासाची युक्ती वाटेतच मेली, आणि मशीनने शेवटचा आकडा इमानदारीने लक्षात ठेवला. शून्य. आज मात्र मला कळ दाबायची वेळच आली नव्हती.

अकरा मिनिटं झाली. बाबांनी हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला. त्यांचा चेहरा बघून वाटलं, गप्प बसावं. अपडेटचं नाव सांगावं. दिरानेही तेच म्हटलं होतं, कुणी खोटं म्हटलं नसतं.

"बाबा, हे अपडेटमुळे नाही झालं," मी म्हणाले. "म्हणजे त्यानेही झालं. पण आवाज मी बंद केला होता. मुंगीच्या झोपेसाठी. तीन महिने करतेय, रोज दुपारी. तुम्हाला विचारलं नाही."

आई दारात थबकल्या. बाबांचा अंगठा खाली आला. त्यांनी लॅपटॉप नाही घेतला, वही घेतली. पेनाचं टोपण काढलं आणि कागद सरळ केला. मी ताटाकडे बघत बसले.

मग वही आली.

'विचारलं असतंस तर हो म्हणालो असतो.'

मी ते दोनदा वाचलं. वही परत त्यांच्याकडे गेली, परत आली.

'तिची झोप मलाही हवी. कळ काढू नकोस. पण ती मी दाबणार. शिकव.'

"आत्ता?"

त्यांनी घड्याळ दाखवलं. सव्वादोन झाले होते.

म्हणून मी त्यांना शिकवलं. कोणती कळ, दाबल्यावर काय होतं. मग आम्ही दोघांनी मिळून युक्तीत भर घातली. पट्टी खाली गेली की पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'गप्प' असं दिसायला हवं, आणि मशीन कधीही सुरू झालं की पट्टी आधी वर यायला हवी, मग जगात काहीही होवो. अक्षरांचा रंग त्यांनी निवडला. निळा. मी तीनदा मशीन बंद करून सुरू केलं. तिन्ही वेळा 'गप्प' दिसत असताना बंद केलं, तिन्ही वेळा पाहुणे बोलत उठले. तिसऱ्या वेळी बाबांनी चौथ्यांदा करून बघायला सांगितलं. "तीनदा जुळलं म्हणजे जुळलं, अहो," आई म्हणाल्या. बाबांनी चार बोटं दाखवली. चौथ्यांदा केलं.

मुंगी तीनला पाच मिनिटं कमी असताना उठली. चक्क सव्वा तासापेक्षाही जास्त झोपली होती पोरगी. केस तसेच राहिले. मी तिला कडेवर घेतलं, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली आणि गाडीत बसले.

शेडमध्ये पन्नासेक मुलंमुली होती. पाहुण्यांनी पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा मागच्या रांगेत खुसखुस झाली. नाकातला आवाज आहेच तसा. बाबांनी मान वर करून बघितलं, थांबले नाहीत. निळ्या रंगापर्यंत येता येता खुसखुस थांबली होती. अकरा मिनिटं संपली आणि एका मुलीने हात वर केला.

"सर, हे शिकायला किती दिवस लागतात?"

शेजारी बसलेले गेल्या वर्षीचे साहेब पुढे झुकले. "हे बघा, साधारणपणे," त्यांनी सुरुवात केली. बाबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. हलकेच, पण फिटरचा हात. साहेब मागे टेकले.

बाबा टाइप करायला लागले. दोन बोटांनी. शेडमध्ये फक्त कळांचा आवाज. दहा सेकंद, वीस. कुणीतरी खोकलं. मुंगी माझ्या कडेवरून त्या आवाजाकडे वाकली. मला वाटलं जाऊन मदत करावी. माझं एक पाऊल पुढे पडलंही.

बाबांनी वर न बघता डावा हात उचलला आणि माझ्याकडे तळवा केला. बस.

मी बसले. कळ दाबली गेली.

"सहा वर्षं," पाहुणे म्हणाले. "त्यातली चार भलत्याच ठिकाणी खरवडण्यात गेली."

अख्खी शेड हसली, साहेबसुद्धा. हसू ओसरायच्या आत आणखी दोन हात वर झाले होते. बाबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, चष्मा नाकावर सरकवला आणि त्यांतल्या एका हाताकडे बोट केलं.